लाइट आमची, पाणी त्यांचं

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी गिझरचं बटन दाबलं आणि अख्ख्या घराची लाइट गेली. ह्यांनी मीटरपाशी जाऊन खटका वर केला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. म्हणजे कॉइल गेली. भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "भुरे, आज कोणाला तरी थंड पाण्यानं आंग धुवावं लागतंय बघ."

भुरी म्हणजे जाऊबाईंची शेळी. वाटणी झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते शेळीला सांगतात, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. माझ्याकडे शेळी नाही. मी दिवसभर अंगणवाडीत, जनावर कोण बघणार? म्हणून मी बादलीला बोलते. आजही बादली आपटून म्हणाले, "काही लोकांना दुसऱ्याची अडचण फार गोड लागते." मग स्वतःचीच लाज वाटली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, बादलीशी भांडते.

ज्या पंचांनी या घराची वाटणी केली त्यांची मला रोज आठवण होते. खोल्या वाटल्या, अंगण वाटलं, वावर वाटलं. मीटर आमच्याकडे आलं. बोअर आणि गच्चीवरची टाकी थोरल्याकडे, सुग्रीव भाऊजींकडे गेली. त्यांनी मागाहून वेगळं मीटर घेतलं. आम्हाला ग्रामपंचायतीचा नळ आहे, पण त्याचं पाणी भिंतीवर चढत नाही. मागचं न्हाणीघर एकच. ते कापता येईना, म्हणून सामाईक ठेवलं, आणि भिंतीवरचा गिझरही. तो तापतो आमच्या लाइटवर आणि भरतो त्यांच्या पाण्यानं. पाण्याचा कॉक त्यांच्या बाजूला, जिन्याखाली. जाऊबाईंना गिझरशी देणंघेणं नाही. तांब्याचा बंब वाटणीत त्यांच्याकडे गेला.

संध्याकाळी अंजूचा फोन. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात ओटी भरली तेव्हाच तिला जालन्याहून आणणार होते, तर डॉक्टर सोडत नाही म्हणाली. मग जावयाला सुट्टी नव्हती. आज गिझरचं सांगितलं तर म्हणाली, "मंग कशी येऊ गं आई? थंडीत बाळाला गरम पाणी नको का? गिझर नीट झाला की सांग, मंग बघू." आवाज एकदम मोकळा झाला तिचा. बिचारी मनात काळजी धरून बसली असणार.

म्हणजे आता सगळं त्या एका कॉइलवर आलं. गिझर झाला की माझी लेक घरी येईल.

१० डिसेंबर

गावातला लाइटवाला राधेश्याम आला. तोंडात सुपारी, कानात फोनची वायर. स्टुलावर चढून त्यानं गिझरचं खालचं झाकण काढलं आणि हसायला लागला. "वहिनी, ह्यो गिझर न्हाई, चुन्याची भट्टी हाये."

आमचं बोअरचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर बसतो, तसा आत कॉइलवर बसलेला. वायरी सोडवल्या. कॉइल ज्या पत्र्याला बसवलेली असते त्याचे नट गंजून एकजीव झालेले. दोन सुटले. तिसऱ्याला त्यानं पान्हा लावून लोंबकळल्यासारखा जोर दिला, तर नटाचं डोकंच तुटून हातात आलं. चौथा जागचा हलेना. मग म्हणाला, "नवा गिझर घ्या. हे निघत न्हाई."

हे काम चालू होतं तोवर जाऊबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांदूळ आमच्याकडे किती लागतो? पण निवडायचा दारातच. राधेश्यामनं पाण्याचा कॉक बंद करा म्हटलं की त्या राधेश्यामकडे बघून म्हणायच्या, "केला म्हणावं." मी राधेश्यामला म्हणायचे, "नीट केला का विचार." तो मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान फिरवून दमला.

नव्या गिझरचं ह्यांनी रात्री जेवताना काढलं. भाऊजी अंगणातूनच म्हणाले, नवी वस्तू सामाईक भिंतीला लागली की उद्या भिंतही तुमची म्हणाल. जुनं आहे ते नीट करा, आमची ना न्हाई. नवा खिळा मात्र ठोकायचा न्हाई. ह्यांनी आणखी एक भाकरी ताटात घेतली. ह्यांचं नेहमीचंच. भावापुढे ह्यांना भूक लागते आणि मान खाली घालता येते.

मी अंजूला फोन करून म्हटलं, चुलीवर पातेलं ठेवीन, दिवसभर पाणी तापलेलं राहील, तू ये. ती म्हणाली धूर सोसत नाही. लहानपणी बंबाशेजारी पाटी घेऊन अभ्यास करायची ही पोरगी. गरोदरपणात असं होतं. अंगणवाडीत येणाऱ्या बायकांना मीच सांगते, वासाचा, धुराचा त्रास होतो म्हणून.

११ डिसेंबर

ह्यांनी नटांवर डिझेल सोडलं. न्हाणीघरात ट्रॅक्टरखाली झोपल्यासारखा वास. अंघोळ घागरीनं, थंड.

भुरीला आज असं सांगण्यात आलं की माणसं निसती डिझेल वतून राह्यलीत, गिझरची टाकी खाली उतरवायची अक्कल न्हाई.

मी लक्ष दिलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

शेवटी टाकी खाली उतरवावी लागली. राधेश्यामनंच तसं सांगितलं. (मी ह्यांना म्हटलं, बघा, जाणकार माणूस सांगतो तेव्हाच ऐकायचं.)

गिझर उचलणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आत क्षार आणि पाणी मिळून दगड झालेला. ह्यांनी दोनदा उचलून बघितला आणि हूकवरून निघेना तेव्हा भाऊजी स्वतःहून आले. एका बाजूनं त्यांनी धरला, एका बाजूनं ह्यांनी. अंगणात उलटा ठेवला, वाटणीची खूण म्हणून मधोमध पुरलेल्या फरशीच्या बरोबर वर. नट आता तिरप्या छिन्नीनं फोडले. पण कॉइल भोकातून बाहेर येईना. आत फुगून भाकरीएवढी रुंद झालेली आणि भोक वाटीएवढं. भाऊजींनी पायानं टाकी दाबून धरली, हे पक्कडीनं ओढत होते. राधेश्याम बाजूनं लांब पेचकस घालून थर फोडत होता. पांढरे तुकडे खडखड आत पडायचे. मग एकदम कॉइल सुटली आणि हे मागे जाऊन चिखलात बसले.

भाऊजींना हसू आलं. ह्यांनाही आलं. दोघं लहान असताना मेंढरं राखायला जायचे, तेव्हा असेच हसत असतील असं मला वाटलं. माझ्याही तोंडावर हसू आलं होतं आणि समोर बघितलं तर जाऊबाईंच्याही. नजरानजर झाली. दोघींनी लगेच तोंडं फिरवली.

आणि मग भाऊजी म्हणालेच, "चार वर्षं फुकट पाणी तापवलं, मंग असं व्हतंय."

ह्यांनी कॉइल उचलली आणि आत आले. माझ्या मनात क्षणभर काय आलं होतं देव जाणे, ते जिथल्या तिथं विझलं.

कॉइल मी धुवून ठेवली. तिच्यावरचा थर हाडासारखा दिसतो. कुठे तांबं आहे आणि कुठे दगड ते कळत नाही.

१७ डिसेंबर

घनसावंगीत त्या मापाची कॉइल मिळाली नाही. हे म्हणाले, परवा बघू. मी अंगणवाडीची रजा टाकली, जुनी कॉइल जुन्या परकरात गुंडाळली आणि जीपनं, पुढे बसनं जालन्याला गेले. जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, माझ्या लेकीचं बाळंतपण आहे. ती परकराकडे बघत राहिली.

दुकानदारानं माप लावून नवी कॉइल दिली, नवं रबरही दिलं. मग म्हटलं इतक्या लांब आलेच आहे तर लेकीला बघून जावं.

अंजूच्या सासूबाई, बेबीनंदाताई, दारातच म्हणाल्या, "कळवलं असतं तर पुरणाचं केलं असतं." म्हणजे न कळवता का आलात. घर मोठं, स्वच्छ. मी हातपाय धुवायला गेले तर नळाला आपोआप गरम पाणी. त्या बाहेरून म्हणाल्या, "सोलर बसवलंय. आमच्याकडं बटन दाबायचं कामच न्हाई." मी म्हटलं छान आहे. छानच होतं.

अंजूचे पाय सुजलेत. चेहरा इतका गोड झालाय की बघवत नाही, दृष्ट लागेल. मी परकर उलगडून तिला जुनी आणि नवी कॉइल शेजारी शेजारी दाखवली. वाटलं तिला आनंद होईल. तिनं नव्या कॉइलवरून बोट फिरवलं. म्हणाली, "एवढं कामून करते आई?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी? शनिवारी बसवतो, रविवारी तुझे पप्पा गाडी घेऊन येतील. तिनं दोन्ही कॉइल परत परकरात गुंडाळल्या. मग विचारलं, "तू मोठ्याईशी बोललीस का?"

जाऊबाईंना ती मोठ्याई म्हणते. सगळी भावकी काकू म्हणते, हीच एक मोठ्याई म्हणते. मी म्हटलं, बोलायला काय आहे? ती म्हणाली, "तसं न्हाई. भुरीला दोन पाटी झाल्यात न, मंग तिचं काम वाढलं असंल. त्यातच टाकीचं पण काढलंय तिनं."

शेळी व्यायल्याचं मी अंजूला सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं असेल. कसली टाकी तेही विचारायचं राहिलं, बसची वेळ झाली होती.

निघताना रविवारचं पक्कं का म्हणून विचारलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बघू ना गं." लेकीला आईचं घर सोडवत नाही, पण सासरचा मानही राखायचा असतो. अडकलीये बिचारी.

२० डिसेंबर, शनिवार

आज कॉइल बसली. दोघा भावांनी टाकी वर टांगली, या वेळी एकमेकांकडे न बघता. नवं रबर, नवे नट. राधेश्याम म्हणाला, आता हा बिलकुल तक्रार करणार न्हाई. लाइट नव्हती, त्यामुळे चालू करून बघता आला नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणीही नव्हतं. भाऊजी म्हणाले, संध्याकाळी सोडतो. राधेश्याम जाताना दोनदा बजावून गेला. आधी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा, धार लागली, बराबर लागली, की मगच बटन.

आता टाकी आजच का रिकामी, हे कोणी विचारावं? डिसेंबरच्या थंडीत टाकी कोण धुवायला काढतं? जाऊबाई दुपारपासून गच्चीवर आहेत. बोअरच्या टाकीचा तळ खरवडतात, गाळ घमेल्यानं खाली टाकतात, तुरटी फिरवतात म्हणे. चार वर्षांत आठवलं नाही. नेमका आजचा दिवस.

मी मात्र चिडायचं नाही ठरवलंय. उद्या लेक येणार. पलंगावर जुन्या मऊ साड्यांची गोधडी घातली. डिंकाच्या लाडवांचा डिंक तळला. ओवा, बाळंतशोपा भाजून डब्यात भरल्या. न्हाणीघर घासलं. पाट धुवून उन्हाला लावला. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना न्हाऊ घालतात, आणि गल्लीत कोणाच्याही घरी बाळ झालं की जाऊबाईंना बोलावतात. त्यांचा हात त्यात बसलेला आहे, हे शत्रूनंही मान्य करावं. पण माझ्या नातवंडाला मीच घालीन. येत नाही असं नाही. केलेलं नाही, एवढंच. अंजूच्या वेळी माझी सासू आणि जाऊबाईच करायच्या, मला उठूच देत नव्हत्या.

लाइट अजून आलेली नाही.

२१ डिसेंबर, रविवार

कालचं लिहून टाकते.

दिवस मावळताना लाइट आली. मोटारीचा आवाज ऐकू येत होता, म्हणजे टाकी भरत असणार. मी न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. बारीक करंगळीएवढी धार आली, मग थेंब थेंब. तेवढ्यात पलीकडून जाऊबाईंचा आवाज. "भुरे, पाणी न्हाई म्हणावं आजून. कॉक बंद हाये. बटन दाबू नका म्हणावं कोणी."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं इथे तरी लिहिणार नाही. पण मनात आलं, चार वर्षांत या बाईनं शेळीला जे जे सांगितलं ते मला टोचायलाच सांगितलं. आजच खरं कशावरून? धार तर आली होती. उद्या लेक आल्यावर पाणी कडकडीत नसावं, एवढाच त्यांचा डाव असेल. खरं-खोटं करायचं तर जिन्याखाली जाऊन कॉक बघावा लागला असता. त्यांच्या अंगणातून. त्यांच्यासमोरून.

मी बटन दाबलं.

थोडा वेळ काही नाही. मी बाहेर येऊन दिवा लावला. मग आत टणकन आवाज झाला, भांडं तडकल्यासारखा, आणि जळक्या रबराचा वास. लाइट गेली.

त्यानंतर मी त्यांच्या अंगणात गेले. चार वर्षांनी. जाऊबाई जिन्यावरून उतरत होत्या. साडी खोचलेली, हातात घासणी, कोपरापर्यंत गाळ. मी म्हणाले, पाणी बंद ठेवून माझी कॉइल जाळली. त्या म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं."

"शेळीला."

"मंग? चार वर्षं तुला दुसरं कसं सांगितलं म्या?"

त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मी म्हणाले, "तुमच्या पोटी कोणी आलं न्हाई, म्हणून माझ्या लेकीचं बघवत न्हाई तुमाला."

भाऊजी खाली बसले होते, ते उठून आत गेले. हे दारात उभे होते. जाऊबाईंनी हातातली घासणी पायरीवर ठेवली. नळाखाली हात धुवायला गेल्या. नळाला पाणी नव्हतं. त्या तशाच, गाळाच्या हातांनी, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी रागात होते. समोरचं माणूस शांत राहिलं की आपलं बोलणं आपल्यालाच मोठ्यानं ऐकू येतं. पण कॉइल जळली ती त्यांच्यामुळे, हेही खरंच ना? सरळ तोंडानं सांगितलं असतं तर मी कशाला दाबलं असतं?

आज ह्यांना मी अंजूला आणायला जाऊ दिलं नाही. दोन दिवसांनी, म्हटलं.

२२ डिसेंबर

भिंतीपलीकडे काहीच आवाज नाही. शेळीशीसुद्धा बोलत नाहीत. पाटी ओरडतात तेवढंच.

अंगणवाडीत एका बाईनं बाळ वजनाला आणलं होतं. काट्यात ठेवताना ते माझं बोट सोडेना. मला एकदम रडू आलं, ते मी खोकल्यावर नेलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी अंजूचा फोन आला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आई, मी येत न्हाई."

मी म्हटलं, कॉइल दुसरी आणते, दोन दिवसांचं काम आहे. आता तर आत थरही नाही, लगेच निघेल.

"गिझरचं न्हाई गं." मग विचारलं, "तू मोठ्याईला काय बोललीस?"

म्हणजे लगेच कान भरले का जाऊबाईंनी. मी तसं म्हटलंही. अंजू म्हणाली, तिनं एक शब्द सांगितला नाही. पप्पांनी सांगितलं. मोठ्याई तर परवापासून फोनच उचलून राह्यली न्हाई. रोज दुपारी तिचा फोन येतो तो येईना, म्हणून घाबरून पप्पांना लावला.

रोज दुपारी. मी अंगणवाडीत असते तेव्हा.

मी विचारलं, रोज काय बोलता? अंजू म्हणाली, "काही पण. ती टाकी धुवून घेणार व्हती, बाळाला पाणी चांगलं पाहिजे म्हणून. तुला म्हटलं व्हतं न्हाई का मी?"

मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी असतं, लोक काय म्हणतील? ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मी ओल्या बाळंतिणीनं तुमच्या दोघींच्या मधात बाज टाकून झोपू का? तिचा लाडू खाल्ला तर तू रुसशील. तुझा खाल्ला तर ती शेळीला सांगंल. मला भेव वाटतं आई. सातव्यातच वाटत व्हतं."

डॉक्टर, सुट्टी, धूर, गिझर. मी हे एका ओळीत लिहून बघते आहे.

सासूबाईंना विचारून तिनं ठरवलंय. बाळंतपण जालन्यातच. न्हाऊ घालायला मोठ्याईला बोलावणार, सव्वा महिना. मी विचारलं, आणि मी?

"तू ये ना. भेटायला ये."

२४ डिसेंबर

भेटायला.

३० डिसेंबर

दुसरी कॉइल आणली. का आणली माहीत नाही. राधेश्यामला न बोलावता मीच स्टुलावर चढले, लाइट बंद करून. नट नवे होते, सहज सुटले. जळलेली कॉइल हातात नुसती उतरून आली. तिच्यावर काही साचलेलंच नव्हतं. फक्त मधोमध तडकलेली.

नवी बसवली. मग पाणी हवं होतं. ह्यांना म्हटलं, भावाला सांगा. हे म्हणाले, "तू जा." इतकी वर्षं संसार झाला, ह्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

मी गेले नाही. गिझर कोरडाच आहे. बटनावर मी चिकटपट्टी लावून ठेवली, कोणी चुकून दाबू नये म्हणून.

११ जानेवारी, रविवार

जाऊबाई आज जालन्याला गेल्या. भाऊजींनी जीपपर्यंत पिशवी नेली. वेखंड, हळकुंड, धुरीचं सामान असणार, वास येत होता. जाताना माझ्या दारावरून गेल्या. मी उंबऱ्यात उभी होते. क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या. मीही काही बोलणार होते. जीपवाल्यानं हॉर्न दिला.

डिंकाचे लाडू द्यायचे राहिले. खरं तर डबा हातातच होता.

१६ जानेवारी

मुलगी झाली. दोघी सुखरूप. जावयाचा फोन ह्यांना आला. हे रडले, मग भाऊजींकडे सांगायला गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत. तिकडून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

२६ जानेवारी, सोमवार, जालना

उद्या बारसं. मी आज दुपारीच आले. पाहुणी म्हणून.

बाळाला मी मांडीवर घेतलं. केस खूप. कपाळ अंजूचं. फार वेळ घेऊ दिलं नाही, न्हाण्याची वेळ झाली होती. जाऊबाई माझ्याकडे न बघता बाळाला घेऊन गेल्या. जेवता जेवता समोरचं पान कोणी उचलून न्यावं, तसं मला वाटलं.

न्हाऊ घालायला दोघी लागतात. एकीनं पाय पसरून त्यावर बाळ घ्यायचं आणि चोळायचं, दुसरीनं वरून पाणी सोडायचं. रोज पाणी बेबीनंदाताई सोडतात. आज त्या बारशाच्या खरेदीला गेलेल्या. अंजूनं खोलीतूनच हाक मारली, "आई, तू सोड पाणी."

मी बादलीपाशी बसले. जाऊबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत घेतली होती. पोटऱ्यांवर ती इवलीशी, पालथी, पाठीवर हळद आणि साय. त्यांचा अंगठा मणक्यावरून खाली जायचा आणि बाळ आळस दिल्यासारखं ताणायचं. इतका सुंदर हात. माझी अंजू अशीच त्या पायांवर असणार, आणि मी आत बाजेवर, मला उठू देत नव्हते म्हणून मी किती चिडायचे.

मी तांब्या भरून पाणी सोडलं. जोरात पडलं असेल. बाळ दचकलं.

जाऊबाई बाळाच्या कानाशी वाकून, मला ऐकू येईल अशा, म्हणाल्या, "माय माझी, सांग तुझ्या आजीला, पाणी हळू सोड म्हणावं."

आणि मीही. माझं तोंड आपोआप उघडलं. मी बाळाकडे बघून म्हणाले, "तुझ्या मोठ्या आजीला म्हणावं, नीट धरायला सांग, मंग दचकायचं न्हाई."

"म्हणावं, मला धरायचं शिकवू नको."

"म्हणावं, मला वतायचं शिकवू नका."

बाळ एकदा त्यांच्या आवाजाकडे, एकदा माझ्या आवाजाकडे वळल्यासारखं करत होतं. दहा दिवसांचं लेकरू, त्याला काय कळतं. अंजू दारात येऊन उभी राहिली हे आम्हा दोघींनाही कळलं नाही. कानाला फडकं बांधलेलं, भिंतीला धरून उभी. ओल्या बाळंतिणीनं असं गार फरशीवर यायचं नसतं. मी तेच सांगणार होते.

ती म्हणाली, "माझ्या लेकीला तुमची भुरी करू नका."

आवाज चढवला नाही. म्हणाली, "बोलायचं असंल तर एकमेकींशी बोला. न्हाईतर आज संध्याकाळच्या गाडीनं दोघी पण घरी जा. मी न्हाऊ घालीन तिला. मला येत न्हाई, पण घालीन."

ती तिथंच उभी राहिली. जाऊबाईंचे हात बाळाच्या पाठीवर थांबलेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात साय-हळदीचे, म्हणून त्यांना पुसता येत नव्हतं. मला पुसावंसं वाटलं. हात पुढे गेला नाही. मी जे बोलले होते ते इतक्या लवकर कोणी विसरत नाही, आणि त्यांनी विसरावं असं मागण्याचा मला हक्कही नाही.

बाळ उघडं होतं. बादलीवरची वाफ विरळ झाली होती. मी तांब्या भरला, मनगटावर थोडं पाणी घेऊन बघितलं.

"जाऊबाई," मी म्हणाले, "पाणी निवून राह्यलं."

त्यांनी मान वर केली नाही.

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "वत."